दर्शन झटपट, पण खरं?

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर. नदीकाठी एकवीरादेवी. रिक्षातून उतरा, हात जोडा, दहा मिनिटांत परत! इतक्या सहज मिळालेल्या समाधानाला काही किंमत असते का?

चैत्रात इथलीच माणसं रणरणत्या उन्हात वणीच्या सप्तशृंगीला पायी निघतात. गडावर मात्र २०१८ मध्ये ट्रॉली आली आणि शेकडो पायऱ्या वाचल्या. मग ट्रॉलीतून गेलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजीचं दर्शन कमअस्सल? मला नाही पटत. तिनं पायऱ्या वाचवल्या, ओढ नाही. आपण वीकेण्डवाले नेमकी तीच वाचवतो. देवपुरात मी मोबाइल बंद करून तासभर नुसती बसले. रस्ता सोपा असू दे. थांबणं तरी आपलं हवं.