वृत्तपत्र हाही एक साक्षीदार

आपल्या तोराने साक्षीदारावर मोठी जबाबदारी टाकलेली आहे. एकट्या माणसाच्या साक्षीवरून कोणासही देहान्त शिक्षा देऊ नये, दोघांची वा तिघांची साक्ष असावी, असा तिचा दंडक आहे. खोटी साक्ष देऊन दुसऱ्यावर जी शिक्षा आणावयाची, तीच त्या साक्षीदारास भोगावयास लावावी, असेही ती सांगते. आजच्या काळात वृत्तपत्र हाही एक साक्षीदारच होय, आणि तोच दंडक त्यालाही लागू असावयास हवा. केवळ ज्यू म्हणून मारल्या गेलेल्या माणसांच्या दोन खटल्यांच्या बातम्या वाचताना हा विचार माझ्या मनात वारंवार आला.

पहिला खटला संयुक्त अरब अमिरातींतील. सप्टेंबर २०२० मध्ये अब्राहम करारावर सह्या झाल्या आणि तेथील ज्यू कुटुंबांना उघडपणे प्रार्थना करण्याचा धीर आला. २०२३ साली अबू धाबीत मोझेस बेन मैमोन सिनेगॉग उघडले. हबाद पंथाचे रब्बाय झ्वी कोगन हे दुबईतील एका काशेर दुकानाची व्यवस्था पाहत. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी ते बेपत्ता झाले व तीन दिवसांनी त्यांची हत्या झाल्याचे जाहीर झाले. वय अवघे २८ वर्षांचे. त्यांच्या पत्नी या, २००८ साली मुंबईच्या नरीमन हाऊसमध्ये मारले गेलेले रब्बाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग यांच्या नात्यातील. एकाच घराण्यावर दुसऱ्यांदा असा घाला पडावा, हे वाचून कोणाचे मन विदीर्ण होणार नाही?

तेथील गृहमंत्रालयाच्या निवेदनात रब्बाय कोगन यांची ओळख मोल्दोवाचे नागरिक अशी दिली होती; इस्रायलच्या पंतप्रधान कार्यालयाने हे ज्यूद्वेषी दहशतवादी कृत्य असल्याचे म्हटले. केवळ एकच निवेदन छापणाऱ्या पत्राने वाचकाला अर्धेच सत्य दिले असते. तपास पुरा होण्यापूर्वीच काहींनी इराणचे नाव मथळ्यात घातले. इराणच्या वकिलातीने आरोप नाकारला. संशय येणे स्वाभाविक आहे, परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे.

३१ मार्च २०२५ रोजी अबू धाबीच्या संघराज्य अपील न्यायालयाच्या राज्य सुरक्षा विभागाने तिघांस देहान्त शिक्षा व साथ देणाऱ्या चौथ्यास जन्मठेप सुनावली. हत्या पूर्वनियोजित व दहशतवादी हेतूने झाली, असे ठरले. कबुलीजबाब, न्यायवैद्यक अहवाल आणि साक्षी यांचा आधार घेतल्याचे सरकारी वृत्तसंस्थेने कळविले. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे देहान्त शिक्षेचे प्रकरण आपोआप संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. अशा खटल्यांची माहिती बातमीदारास बहुधा सरकारी निवेदनातूनच मिळते. म्हणून ‘निवेदनानुसार’ हा शब्द गाळू नये, आणि निकालानंतर अपिलाचे काय झाले हे विचारण्यास विसरू नये. हत्येस पहिले पान आणि न्यायास आतला कोपरा, ही वाटणी मृताच्या कुटुंबास न्याय देणारी नाही.

दुसरा खटला आपल्या मुंबईचा. ज्या शहरात पिढ्यान् पिढ्या आपण निर्भयपणे शब्बाथ पाळला, तेथे नरीमन हाऊसमध्ये सहा जणांचे बळी गेले. हल्ला चालू असता दूरचित्रवाणीने जवानांच्या हालचाली थेट दाखविल्या. त्या पाहून हल्लेखोरांचे सूत्रधार त्यांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात त्याबद्दल वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. त्याच निकालाने कसाबची फाशी कायम झाली, आणि दोन भारतीय आरोपींची निर्दोष मुक्तताही कायम राहिली. वृत्तपत्रे वाचून त्या दोघांस कितीजणांनी मनातल्या मनात आधीच दोषी ठरविले असेल!

आणि ती बिर्याणी? कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याची कथा देशभर गाजली. कसाबविषयी निर्माण होऊ पाहणारी सहानुभूती मोडण्यासाठी ती आपणच रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतः सांगितले. कोणाही पत्राने तुरुंगाधिकाऱ्यांकडे चौकशी केली असती तर ती टिकली नसती. आजही लोकांस बिर्याणी आठवते. नरीमन हाऊसमधील सहा नावे मात्र कितीजणांस सांगता येतील? भक्कम पुराव्याच्या खटल्यास असल्या टेकूची गरज नव्हती.

आता तर प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी असल्याने आपणही बातमीदार झालो आहोत. अमिरातींत अफवा पसरविणे हा २०२१ च्या कायद्याने दंडनीय अपराध आहे, हे तेथे नोकरीस असलेल्या आपल्या मुलांनी जाणावे. परंतु केवळ कायद्याच्या भयाने नव्हे, तर बळींच्या आदरापोटी आपण संयम पाळावा. चार आरोपींच्या गुन्ह्यासाठी त्यांच्या साऱ्या देशबांधवांना वा धर्मबांधवांना शिव्या देणारा मजकूर पुढे पाठविण्याने कोणत्याही विधवेचे अश्रू पुसले जात नाहीत. ज्यांनी आपल्याला केवळ ज्यू म्हणून मारले, त्यांचीच दृष्टी आपण उचलली, असे मात्र होते.

ज्याचे माणूस गेले त्याला न्यायालयाचा निकाल हवा असतो, आणि तो निकाल असत्यावर उभा होता असे उद्या कोणास म्हणता येऊ नये, एवढेच त्याचे मागणे असते. ते पुरे करण्यास पत्रकारांनी व वाचकांनी हातभार लावावा, अशी माझी नम्र विनंती आहे.