टोपणाखालची साय: चोर्ला घाटातून उद्यमबागेत

बेळगावहून गोव्यात उतरायला तीन वाटा: आंबोली, चोर्ला आणि अनमोड. आमच्या घरची वाट चोर्ल्याची, कारण मावशी साखळीला. पिरनवाडीला खानापूर रोड सोडायचा, किणये, जांबोटी करत कणकुंबीला चहाला थांबायचं. इथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. थोडं पुढे गेलं की ओढे पश्चिमेला, म्हादईकडे वळतात. पुढे चोर्ला गाव, मग केरीपर्यंत नुसता उतार, खाली अंजुणे धरणाचं पाणी.

जाताना मजा असते. येताना हेच सगळं चढायचं, जवळजवळ समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, बराचसा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. टिळकवाडी ते कॅम्प एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं दुखणं वर्षभर झाकून राहतं, ते हा चढ तासाभरात बाहेर काढतो.

आमची गाडी बाबांनी घेतलेली, डिझेल, चौदा वर्षांची. बाबा गेल्यापासून मी चालवते. गेल्या श्रावणात मावशीकडून परतताना निम्म्या चढावर तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर सरकला. रुंद वळण बघून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि तासभर काही केलं नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. आत दाबाखालचं, शंभर अंशांच्या आसपासचं पाणी असतं आणि ते थेट तोंडावर येतं. सगळं हाताला गार लागल्यावर कूलंटची टाकी उघडली. हिरव्या पाण्यावर तपकिरी तवंग. आई डोकावून म्हणाली, "फोडणीचं तेल सांडल्यागत दिसतंय गं."

पाण्यात तेल आलं, तर तेलातही पाणी गेलं असू शकतं. तसलं तेल क्रँकच्या बेअरिंगना वंगण देऊ शकत नाही, चालवत नेलं तर बेअरिंग घासून संपतात. म्हणून रेंज मिळेपर्यंत वर चालत गेले आणि गाडी उचलून नेणारी व्हॅन मागवली.

घराजवळच्या गॅरेजवाल्यांनी ऑइल भरायचं टोपण उघडून दाखवलं. आतून पांढरी-पिवळी साय. "हेड गॅस्केट गेलं. इंजिन उतरवावं लागेल." खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, भंगारात देऊन टाक. आई काही बोलली नाही, पण रात्री जेवलीही नाही.

इथे उद्यमबाग मदतीला आली. खानापूर रोडवरची ही वसाहत म्हणजे फाउंड्र्या, लेथ, क्रँकशाफ्टचं मशिनिंग, हायड्रॉलिक्स. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण या गावाची लोखंडाशी सोयरीक काही सुटली नाही. बाबांचे एक जुने स्नेही तिथे फोरमन होते, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. ते आले, टोपण बघितलं आणि हसले. "साय बघून इंजिन खोलायचं नसतंय, पोरी. तुझ्या ऑफिसच्या फेऱ्या केवढ्या?"

मुद्दा असा. डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, थोडी क्रँककेसमध्ये उतरते. लांब पल्ल्यात इंजिन पुरतं तापलं की ती उडून जाते. तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि बेळगावचा पावसाळा असला की ती सगळ्यात थंड जागी, म्हणजे टोपणाखाली, जमते आणि तेलात घुसळून साय होते. एका घाटात ती सगळी जाईलच असं नाही. म्हणजे नुसत्या सायीवरून काहीच ठरत नाही.

मामांनी डिपस्टिक काढली. तेल काळं, पातळी चढलेली नाही. तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. रात्रभर गाडी हलवू दिली नाही आणि सकाळी इंजिन गार असताना चेंबरचा खालचा बोल्ट हळूच सैल केला. आधी हिरवट पाण्याचे चार थेंब, मग तेल. पाणी जड, तळाशी बसतं. डिपस्टिकला ते लागतच नाही. (एरवी शंका असेल तर तेलाचा थेंब तापल्या पत्र्यावर टाकायचा, पाणी असलं तर तडतडतं.)

म्हणजे गळती खरीच होती. प्रश्न कुठून, हा. कूलंटच्या टाकीला हातपंप लावून सुमारे एक बारचा दाब दिला. बाहेर कुठेच ओल नाही, पण काटा हळूहळू उतरला. ग्लो प्लग काढून स्टार्टर फिरवला, कुठल्याच सिलिंडरातून पाणी उडालं नाही. प्लग परत बसवून क्षणभर इंजिन चालू केलं, टाकीत गॅसचे बुडबुडे नाहीत. गॅस्केट सिलिंडरपाशी फुटलं असतं तर यातलं काहीतरी दिसलं असतं, शिवाय धुरांड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर आला असता.

"आता ऑइल कूलर," मामा म्हणाले. ऑइल फिल्टरजवळची ही छोटी पेटी. एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने पाणी, मध्ये धातूचा पातळ पत्रा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून पत्र्याला चीर गेली की तेल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, गरम पाण्याचा उरतो, तेव्हा थोडं पाणी उलट तेलात येतं. टाकीत भरपूर तेल आणि तेलात जेमतेम पाणी, हे कोडं असं सुटतं. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत कधी रेडिएटरमधला कूलर फुटतो. तेव्हा गिअरचं लाल तेल मिसळून स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसतं. तो आजार निराळा.

कूलर काढला, तोंडं बंद करून हवा भरली, पाण्याच्या बादलीत बुडवला. सायकलच्या ट्यूबसारखे बारीक बुडबुडे एका कोपऱ्यातून ओळीने वर आले. आई बादलीजवळच बसून होती.

हेडच गेलं असतं तरी उद्यमबागेत ते घासून मिळालं असतं. पट्टी आणि फीलर गेज लावून वाकडेपणा मोजायचा आणि मशीनवर पातळी काढायची, हे तिथलं रोजचं काम. आमचं नवीन कूलर आणि सील, ऑइल, फिल्टर, कूलंट एवढ्यावर भागलं. तेलाने फुगलेले दोन रबरी होजही बदलले. वेळ खरा खाल्ला धुण्याने. साफ करायचं द्रावण घालून इंजिन गरम करायचं, गार होऊ द्यायचं, पाणी सोडायचं, पुन्हा भरायचं. तीन वेळा तवंग आला. चौथ्या वेळचं पाणी आईने पांढऱ्या वाटीत धरून उजेडात बघितलं, मग मावशीला फोन लावला.