उणे करताना

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरी एका अर्जाने दोन रात्री जागवल्या. माझ्या कन्येला वास्तुकलेच्या अभ्यासक्रमास प्रवेश हवा होता आणि त्यासाठी स्वतः काढलेली १२ रेखाटने संगणकावरून पाठवायची होती. तिने विषय निवडला तो आजीच्या वसईतील घराचा: ओटी, पडवी, माजघर, कौलांखालचे वासे. ते घर आज उभे नाही. २०१९ साली ते पाडले गेले.

रेखाटने इंचाला ६०० बिंदू या मापाने स्कॅन करून आणली. फाईल झाली १२६ मेगाबाइटची. मर्यादा होती १० मेगाबाइटची. कन्येने ‘सर्वांत लहान’ हा पर्याय निवडला, फाईल २ मेगाबाइटवर आली आणि आम्ही निश्चिंत मनाने ती पाठवून दिली. चौथ्या दिवशी ती परत आली. शेरा एकाच शब्दाचा: ‘अस्पष्ट’. मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

पडद्यावर चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा शेरा खरा असल्याचे कळले. पेन्सिलीच्या छायेची चौकोनी ठिगळे झाली होती. वाशांखाली लिहिलेली मापे पुसट झाली होती. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपीईजी पद्धत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे वगळते. रंगातला सूक्ष्म फरक डोळ्याला कमी कळतो, म्हणून त्याला आधी कात्री लागते. मात्र कात्री अती चालली की चौकोनच दिसू लागतात. शिवाय वगळलेले परत येत नाही आणि पुन्हा पुन्हा दाबलेले चित्र अधिकाधिक बिघडत जाते.

म्हणून आम्ही मूळ स्कॅनपासून पुन्हा आरंभ केला. प्रथम पानांभोवतीच्या रिकाम्या कडा कापल्या. मग ६०० बिंदूंचे २०० केले. माप लांबीत व रुंदीत दोन्हीकडे घटते, त्यामुळे बिंदूंची एकूण संख्या एक-नवमांशावर येते. जेथे केवळ पेन्सिल होती, तेथे रंग काढून करडी छटा ठेवली. शेवटी जेपीईजीचा दर्जा मध्यम ठेवला आणि प्रत्येक पानावरचा बारीकात बारीक आकडा वाचून पाहिला. फाईल भरली ८ मेगाबाइटची.

ती स्वीकारली गेल्याचा संदेश आला, तशी कन्या म्हणाली, “पप्पा, आता त्या जड फायली काढून टाकू का? संगणकात जागा उरली नाही.”

मी तिचा हात धरला. परीक्षकाला घराची रचना आणि तिच्या हाताची रेषा दिसली की पुरे; त्याच्यासाठी ८ मेगाबाइट योग्य. परंतु कागदाचा पोत, आजीने सांगितलेली आणि समासात फिक्या अक्षरांत टिपलेली लाकडांची नावे त्या मोठ्या फाईलमध्येच आहेत. ती आम्ही दोन ठिकाणी जपून ठेवली आणि मूळ कागद पेटीत ठेवले.

कन्येला प्रवेश मिळाला. वाचकहो, कोणाला काही पाठवताना जरूर उणे करावे, पण ते प्रतीतून. मुळाला हात लावू नये.