शक्ती दहापट, चूक तेवढीच

पीएचडीच्या मुलाखतीला चार दिवस उरले होते आणि अर्जाला जोडलेला माझा आलेख चुकीचा निघाला.

दिवसा मी पुण्यात एका पेमेंट ॲपचं बॅकएंड सांभाळतो. रात्री, दोन वर्षांपासून, एक सिम्युलेटर लिहितोय. रडार आयनोस्फिअरमध्ये लहरी सोडतं, तिथले मोकळे इलेक्ट्रॉन त्यातला अगदी नगण्य अंश परत पाठवतात, आणि तेवढ्यावरून तिथली घनता, तापमान काढायचं. नॉर्वेत स्किबोटनला यासाठी 233 मेगाहर्ट्झच्या सुमारे 10,000 अँटेनांचं रडार आखलं गेलं. माझा प्रश्न साधा होता: रडारची रचना बदलली की मोजमापातली चूक किती बदलते?

माझा आलेख म्हणायचा, शक्ती दहापट करा, चूक दहापट कमी. 10 टक्के, 1 टक्का, 0.1 टक्का. रेघ इतकी सरळ, की मला शंकाच आली नाही.

त्या रात्री कोड पुन्हा वाचला. परत येणाऱ्या सिग्नलची शक्ती मी स्थिर धरली होती. गोंगाट फक्त रिसीव्हरचा. पण इलेक्ट्रॉन काही कवायत करत नसतात. असंख्य प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि तो सिग्नल स्वतःच गोंगाटासारखा हेलकावत येतो.

हे धरून 10,000 स्वतंत्र नमुन्यांची सरासरी काढली. सिग्नल गोंगाटाच्या एक दशांश असताना चूक 11 टक्के. बरोबरीचा झाला की 2. दहापट झाला की 1.1. शंभरपट केला तरी 1.01!

म्हणजे एका टप्प्यानंतर शक्ती उपयोगाची नाही, नमुने वाढवायला हवेत. 100 मायक्रोसेकंदांचा साधा पल्स 15 किलोमीटरचा थर एकत्र मोजतो. जास्तीची शक्ती असेल तर कोड वापरून तोच थर बारीक कापायचा. तेवढ्याच वेळात जास्त स्वतंत्र नमुने मिळतात.

आईला फोनवर सांगितलं.

"त्यांच्या लक्षात आलंय का?"

"नाही."

"मग?"

"माझ्या आलंय ना."

ती थोडं थांबली. "मग कळवून टाक. आणि जेवून घे."

रात्री दीड वाजता नवा आलेख पाठवला, चूक कुठे होती त्या चार ओळींसकट. मुलाखतीत पाऊण तास त्याच रेघेवर बोलणं झालं, ती जिथे वाकते तिथल्याच जागेवर. निकाल अजून लागायचाय. जुना आलेख मी फोल्डरमधून काढलेला नाही.