241 मैलांचं पेन

वाशीच्या पावसाळ्यात कागद हवेतली ओल पीत राहतो. निब टेकवली की शाई रेषेच्या काठांनी फुटते आणि वेलांटीला बारीक केस आल्यासारखे दिसतात. पेनाची खरी पारख या दिवसांत होते. माझं पेन काळ्या एबोनाइटचं आहे, ड्रॉपरने शाई भरायचं. हातात धरलं की लगेच ऊब धरतं, नाकाशी नेलं की रबर-गंधकाचा मंद वास येतो. टाकी निम्म्याखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेवर टपोरा थेंब उतरतो. म्हणून निम्मी झाली की टाकी भरून घ्यायची. हार्बर लोकलच्या धक्क्यांत वाशीच्या खाडीपुलावरून जायचं असेल, तर घरातून निघण्याआधीच भरायची.

असं पेन वापरणाऱ्याला मोंब्लाँ कंपनीने 2009 मध्ये काढलेलं महात्मा गांधींचं पेन विसरता येत नाही. ते मी छायाचित्रांतच पाहिलं आहे. किंमत अकरा लाखांच्या पुढे होती. गांधीजयंतीच्या तोंडावर ते मुंबईत आलं. साबरमती ते दांडी हे अंतर 241 मैल, म्हणून पेनंही 241च. अठरा कॅरट सोन्याच्या निबेवर रोडियमचा मुलामा आणि त्यावर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरलेले. पेनाभोवती आठ मीटर लांबीची सोन्याची तार हाताने गुंडाळलेली, चातीवरच्या सुतासारखी. क्लिपवर एक केशरी रत्न.

ही तार मला मनापासून आवडते. गांधीजींचा चेहरा कुणीही छापेल. चरख्यावरचं सूत पेनाच्या अंगावर आणायला मात्र कारागिराची नजर लागते. निबेवरचं कोरीवकामही नाजूक आहे. पण निब लिहिते ती टोकाने आणि खालच्या जिभेच्या जोरावर. वरच्या अंगावर कितीही सुंदर चित्र असलं, तरी ओल्या कागदावरची रेष त्याने सुधरत नाही. रत्नाची जागा तर मला मुळीच पटत नाही. क्लिप खिशाच्या काठावर रोज घासायची, ताण सोसायची. जे पेन खिशाला लावायचाच धीर होणार नाही, त्याला क्लिप कशाला?

योगायोग असा, की 2009 हे ‘हिंद स्वराज’ या पुस्तकाचं शताब्दी वर्ष होतं. 1909च्या नोव्हेंबरात ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर दहा दिवसांत गांधीजींनी ते गुजरातीत लिहिलं. उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत; हस्तलिखिताच्या 275 पानांपैकी 40 पानं डाव्या हाताची आहेत. त्यांच्या नावाच्या पेनाची कसोटी मला इथे दिसते. हलत्या बोटीवर, दोन्ही हातांत, पान संपेपर्यंत ते चालायला हवं.

आणि असं एक पेन त्यांच्यापर्यंत आलंही होतं, आपल्या वर्ध्यात. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडवलेलं स्वदेशी पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं. 16 जुलै 1935 रोजी त्यांनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र पाठवलं. मी पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांऐवजी ते चांगलं चालेल, असा त्याचा आशय. मला त्यातलं ‘वापरून पाहिलं’ फार मोलाचं वाटतं. आधी लिहून पाहिलं, मग मत दिलं.

मोंब्लाँच्या पेनाचं पुढे काय झालं? राष्ट्रपित्याचं नाव व्यापारासाठी वापरलं म्हणून केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली, नावं-बोधचिन्हांच्या गैरवापराविरुद्धच्या 1950च्या कायद्याकडे बोट दाखवलं गेलं, आणि 2010 मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली. कायद्याचं कायद्यापाशी. ज्या माणसाने पेन्सिलीचा तुकडाही वाया जाऊ दिला नाही, त्याच्या नावाचं पेन कपाटात कुलूपबंद राहावं, याचंच मला अधिक वाईट वाटतं. त्या आठ मीटर तारेमागची कारागिरी एखाद्या रोज लिहिणाऱ्या हाताला मिळायला हवी होती.

पेन शंभराचं असो की लाखाचं, दुकानात टोपण काढा, शाई भरून मागा आणि एक अख्खं पान लिहून पाहा, जमल्यास पावसाळ्यातच. लिहू देत नसतील, तर ते पेन घेऊ नका.