जपून म्हणजे नेमकं काय

पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरून येवलेवाडीच्या बाजूला आलो, सायकल कडेला घेतली आणि मागून येणाऱ्यांना मोजायला लागलो. आठ झाले. सकाळी मला धरून दहा जण निघालो होतो, म्हणजे नऊ यायला हवे होते. पाच मिनिटं वाट पाहिली आणि सायकल वळवून पुन्हा घाट चढायला लागलो. वरच्या एका वळणावर ती रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, आमच्या सायकल क्लबात येऊन जेमतेम महिना झालेला. डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरलेला. एका दूधवाल्याने आपली मोटारसायकल आडवी लावून मागची वाहनं थोपवून धरली होती. तो माणूस नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही लांबवत नाही.

कॉलर बोन मोडलं होतं. दोन दिवसांनी तिच्या घरी गेलो. आईने चहा केला, रागाचा एक शब्द काढला नाही. मुलीला मी विचारलं, नेमकं काय झालं गं? ती म्हणाली, “काका, वर थांबलो तेव्हा तुम्ही म्हणालात ना, जपून उतरा. मी जपूनच उतरत होते. मागचा ब्रेक मी एकदाही सोडला नाही.”

पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा होऊन पडतो, हे तिला लहानपणी कुणीतरी सांगितलेलं. ते आपल्याकडे प्रत्येकालाच कुणीतरी सांगितलेलं असतं. म्हणून तिने फक्त मागचा ब्रेक धरला आणि वरून खालपर्यंत धरूनच ठेवला. वळणावर बारीक खडी होती. मागचं चाक जाम झालं, घसरलं, सायकल आडवी. माझी सूचना तिने तंतोतंत पाळली होती.

मी तोवर पंधरा वर्षं सायकल चालवत होतो. एकाच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, पूर्ण केल्या होत्या. यातली २०० किलोमीटरची साडेतेरा तासांत आणि ६०० ची ४० तासांत संपवावी लागते. क्लबातले लोक या बळावरच मला पुढे घालून नव्यांची तुकडी माझ्या हवाली करत. त्या मुलीच्या घरून परतताना माझ्या लक्षात आलं की घाट कसा उतरायचा हे माझ्या हातापायांना येतं, पण मला ते सांगता येत नाही. ‘जपून’ या शब्दात करण्यासारखं काहीच नाही. तो शब्द ऐकणारा घाबरतो, हात आवळतो, खांदे ताठ करतो. घाटात नेमकं हेच करायचं नसतं.

प्रशिक्षक व्हायचं मी त्या आठवड्यात ठरवलं. मानधन वगैरे काही नाही, आमच्या क्लबात कुणालाच नसतं. प्रथमोपचाराचा छोटा अभ्यासक्रम केला आणि घाट बाजूला ठेवून एका शाळेचं मैदान रविवारी सकाळपुरतं मागून घेतलं.

सुरुवात ब्रेकपासून केली. खडूने एक रेघ मारायची. लांबून वेगात यायचं, रेघेपाशी आलं की ब्रेक लावायचा आणि कुठे थांबलो तिथे दुसरी रेघ मारायची. आधी फक्त मागच्या ब्रेकने. मग दोन्हींनी, पण बूड सीटच्या मागच्या टोकाला सरकवून आणि हात कोपरात किंचित वाकवून. दोन रेघांमधलं अंतर डोळ्यांना दिसतं. ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं पडतं आणि हलकं चाक रस्ता नीट धरत नाही; हे तत्त्व मी फळ्यावर लिहून सांगितलं असतं तर कुणी लक्षात ठेवलं नसतं. खडूच्या रेघा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतात. पुढच्या ब्रेकची भीती बहुतेकांची अर्ध्या तासात जाते. एक गोष्ट त्याआधी करायची: कुठल्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा, ते प्रत्येकाने आपापल्या सायकलीवर दाबून बघायचं. सगळ्या सायकलींना ते सारखं नसतं, आणि मित्राची सायकल मागून आणलेला एकजण तरी दर रविवारी असतोच.

वळण शिकवायची वेळ आली तेव्हा मी अडलो. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “सर, वळताना तुम्ही हँडल फिरवता की अंग झुकवता?” मी म्हटलं, अंग झुकवतो. त्या संध्याकाळी पाषाणच्या रस्त्यावर मी स्वतःच्या हातांवर लक्ष ठेवून सायकल चालवली. डावीकडे वळायचं म्हणून डावा तळवा हँडलवर हलकेच पुढे रेटला जात होता. म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे जात होतं, त्याने सायकल डावीकडे कलत होती आणि मग वळत होती. इतकी वर्षं मी हे करत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या रविवारी त्या मुलाला सांगितलं, मागच्या वेळी मी अर्धवट उत्तर दिलं होतं. त्याने करून पाहिलं आणि “अरे, खरंच की!” म्हणून मैदानभर नागमोडी फिरत राहिला.

नव्या माणसाला घाटात इतकं बारीक सांगून चालत नाही. तिथे उताराच्या वाऱ्यात ओरडून सांगता येतील असेच शब्द हवेत. वळणाआधी ब्रेक, वळणात मोकळं. बाहेरचं पायडल खाली. नजर वळणाच्या शेवटाला. प्रत्येक शब्दाला शरीराचा एक अवयव जोडलेला हवा, असा मी स्वतःसाठी नियम केला आहे. बाहेरचं पायडल खाली म्हणजे डावीकडच्या वळणात उजवा पाय खाली आणि त्यावर सगळं वजन. आतलं पायडल वर राहतं, रस्त्याला घासत नाही. नजरेचं तर मी दहा वेळा सांगतो. खड्ड्याकडे बघत राहिलेला माणूस खड्ड्यातच जातो. खड्डा दिसला की त्याच्या शेजारच्या चांगल्या रस्त्याकडे बघायचं.

शाळेत असताना मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहत असू. बोरघाटात सर्वांत आधी वर पोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या शब्दाचं आम्हाला केवढं आकर्षण होतं! सायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये आजही चढच असतो. दिवेघाट किती मिनिटांत, सिंहगड किती मिनिटांत. मला हे चुकीचं वाटतं. चढताना दम लागतो, फार तर उतरून ढकलत जावं लागतं. हाडं उतारावर मोडतात, आणि उतार शिकवावा लागतो हे आपल्याकडे कुणी धरतच नाही.

मैदानावर वर्षभर काढल्यावर एक वेगळीच विद्यार्थिनी आली. वय ५८, बँकेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, “मला सायकल येतच नाही. शिकवाल का? मुलांबरोबर उभं राहायला लाज वाटते.” त्यांच्या घरी तीन भावांत मिळून एक काळी सायकल होती. भाऊ दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकले. ताईंनी ती सायकल रोज पुसली, पण चालवली कधीच नाही, कारण मुलीने सायकलवर बसायचं त्या घरात चालत नव्हतं.

कैचीबद्दल मी तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. आम्ही तासाच्या भाड्याने सायकल आणून शिकलो, शिकवणारं कुणी नव्हतं. सायकल आमच्यापेक्षा उंच, सीटवर बसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे पाय कायम जमिनीच्या जवळ असायचे. पडलो तरी फार उंचावरून पडत नसू. तोल आधी यायचा आणि पूर्ण पायडल कितीतरी दिवसांनी. प्रौढ माणसाला आपण नेमकं उलटं शिकवतो: सीटवर बसवतो, पायडलवर पाय ठेवायला लावतो, मागून सीट धरतो आणि पळतो. धरलेल्या सायकलीवर तोल शिकता येत नाही, कारण तोल धरणाऱ्याच्या हातात असतो.

म्हणून ताईंच्या सायकलीची दोन्ही पायडलं मी काढली. १५ चा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर आणखी घट्ट होतं. सीट इतकी खाली घेतली की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. “आता यावर बसून नुसतं चाला,” मी म्हटलं. पहिला रविवार त्या चालल्या. दुसऱ्या रविवारी मैदानाच्या हलक्या उतारावर लांब ढांगा टाकू लागल्या. मी एकच वाक्य सांगत होतो: ज्या बाजूला पडतोय असं वाटेल, त्याच बाजूला हँडल. मन याच्या उलट सांगतं, त्यामुळे हे पटायला वेळ लागतो. पण चाकं अंगाखाली परत आणायचा तोच उपाय आहे. सायकल उभी कशी राहते यावर अभियंते शंभराहून अधिक वर्षं डोकं चालवत आहेत. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक खास बनवलेली सायकल मांडली. फिरत्या चाकांमुळे सायकल तोल धरते असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. यांनी तो परिणामच काढून टाकला होता, तरी ती माणसाशिवाय सरळ धावली. कलल्यावर तिचं पुढचं चाक आपसूक त्या बाजूला वळत होतं. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे सायकलला येतं, मलाच यायचंय.”

तिसऱ्या रविवारी त्यांचे पाय हवेत राहिले. मी मोठ्याने मोजत होतो, सातापर्यंत गेलो. खाली टेकल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, सायकल वळवून पुन्हा उताराच्या वरच्या टोकाला घेऊन गेल्या. पाचव्या रविवारी पायडलं बसवली. सीट मात्र मी महिनाभर थोडी थोडी करतच वर घेतली. टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली असलं की गुडघा सरळ व्हावा, ही उंची बहुतेकांना बरोबर बसते. पण ती तोल आल्यानंतरची उंची. तोवर जमीन पायाला लागलेली बरी.

ज्या मुलीचं हाड मोडलं होतं ती अपघातानंतर चार महिन्यांनी परत आली होती. मी तिला घाटात नेलं नाही, मैदानावर नेलं, रेघ मारली आणि खडू तिच्या हातात दिला. बोपदेव तिने त्या हिवाळ्यात उतरला. तेव्हा मी तिच्या मागे होतो. तिच्या कोपरांकडे बघत होतो. ती ताठ झाली की ओरडायचं, एवढंच माझं काम होतं. दोनदा ओरडलो.

मी आता नेहमी मागेच असतो. पुढे असताना मला फक्त रस्ता दिसत होता. मागून माणसं दिसतात: कुणाचे गुडघे बाहेर फाकतात, कोण जड गिअरवर झुंजतोय, कुणी पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडवून चाललंय. ते चाक घासलं तर पडतो तो मागचा, हेही शिकवावं लागतं. तासाभरात कोण थकणार हे बहुधा पहिल्या चढावरच कळतं, मग त्याच्यासाठी कुठे थांबायचं ते ठरवता येतं.

रविवारी आमच्याकडे पंचवीस-तीस जण येतात. पुढे जाऊ शकतील असे त्यांत पुष्कळ आहेत, मागे राहणारे आम्ही तिघेच. तुम्ही सायकल चांगली चालवत असाल, तुमच्या गावात असा एखादा क्लब असेल, तर महिन्यातले दोन रविवार त्याला द्या. येताना खडू आणि १५ चा पाना बरोबर आणा. आणि निघताना माणसं मोजा.