समुद्र ओलांडायचा तो चाकुरातच

चाकुराभोवती सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती पाय सोडत नाही. कुस्तीला ती कामाची नाही. तालमीच्या हौद्यात लाल माती बाहेरून आणून टाकायची, मग तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल मुरवत बसायचं. एवढ्या मायेनं केलेली माती. पण पोरगं परदेशी खेळायला निघालं की तिचा कणही सोबत जात नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या बेटावर, एडिनबर्गला, राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकले. त्याआधी १९६२ ला जावा बेटावरच्या जकार्तात, आशियाई स्पर्धेत, गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य मिळवलं. १९४८ ला खाशाबा जाधव लंडनला ऑलिंपिकसाठी गेले आणि मॅटचा सराव नसताना सहावे आले. ही नावं सांगितली की पोरं विमानाचं विचारतात, पदकाचं विचारतात. मला बोलायचं असतं पायाबद्दल.

मातीत पैलवान अनवाणी. खडाखडी चालू असताना अंगठा रुतलेला असतो आणि समोरच्यानं भार कुठं टाकलाय ते तळव्याला आधी कळतं. मॅटवर बूट आले. पहिल्यांदा बूट घालून उभा राहिलेला एक पोरगा म्हणाला, “वस्ताद, पाय मुका झाल्यावानी वाटायलंय.” अगदी खरं बोलला. पटात शिरताना तो टाच उचलून पंजानं माती मागं रेटायचा. मॅटवर तसंच रेटलं की बूट जागीच धरला जातो, गुडघा पुढं पडतो, डोकं खाली राहतं. मागून ताबा घ्यायला समोरच्याला तेवढं पुरे.

हाताचंही तेच. मातीत घामेजल्या मनगटावर, मानेवर मूठभर माती चोळली की पकड बसते. मॅटवर घाम निसटतो, म्हणून मनगटावर विसंबून न राहता काखेत हात घालून अंगाला अंग भिडवायला शिकवावं लागतं. लांगेला धरून उचलायची सवय तर मोडावीच लागते. आणि ती रेषा! जत्रेच्या फडात जोड रेटत रेटत पब्लिकपर्यंत गेली तर पंच हाताला धरून पुन्हा मधे आणतो. इथं नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला गुण, आणि सगळा खेळ तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांचा.

म्हणून मातीला नावं ठेवणारा मी नव्हे. मातीनं दिलेली मान, कंबर आणि दम नुसत्या मॅटवर घडत नाही, हे माझं ठाम मत आहे. बिराजदार वस्तादांनी पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. बीडकडचा, पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. २०१८ ला त्यानं गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं, तेव्हा ते बघायला वस्ताद नव्हते. २०११ लाच गेले.

अडचण आहे ती वयाची. तालुक्यातल्या पोराला बूट मिळतात पुण्या-कोल्हापूरला गेल्यावर, मिसरूड फुटल्यावर. तोवर पाय ठरून गेलेला असतो. निवड झाली की गाव एका दिवसात वर्गणी काढून तिकिटाचे पैसे उभे करतं, त्या मायेला तोड नाही. तेच गाव दहा वर्षांच्या पोराच्या बुटांसाठी अजून खिशात हात घालत नाही, आणि मला वाटतं ते आम्ही वस्तादांनीच नीट मागायला हवं.

आता संध्याकाळी मातीतली मेहनत झाली की पोरं पाय धुऊन बूट चढवतात. एकाला मॅटच्या कडेला लाल पट्ट्याकडं पाठ करून उभं करतो, दुसऱ्याला रेटायला सांगतो. टाच बाहेर गेली की वीस बैठका आणि पुन्हा उभं. थोरल्यांचे जुने बूट धाकट्यांना ढिले होतात, तर ती दोन-दोन मोजे घालून खेळतात. यंदा जत्रेच्या वर्गणीला निघेन तेव्हा त्यांच्या बुटांचे नंबर कागदावर लिहूनच निघणार आहे.